सात गुण कुठून आले?

सुप्रभावहिनी परीक्षेच्या हॉलमध्ये शिरल्या की आधी घड्याळ बघतात, मग मुलं, मग आम्ही. तिघांवरही त्यांचा सारखाच अविश्वास आहे. भिंतीवर कॉलेजचं घड्याळ असलं तरी त्या घरून स्वतःचं एक आणतात आणि दोन्ही जुळतात का ते पाहतात. पाण्याच्या बाटलीवरचं लेबल काढलेलं हवं हा इथला नियमच आहे. वहिनी बाटली उचलून तिच्या बुडाशीही बघतात. आणि आम्ही म्हणजे इन्व्हिजिलेटर, रिटायर झालेली, गुडघे दुखणारी सात-आठ माणसं, मुलांवर नजर ठेवत रांगांमधून फिरणारी. खिशात फोन नाही ना, हे त्या आम्हाला दारातच विचारतात. मला दोनदा विचारतात, कारण मी त्यांच्या ओळखीचा.

हे शेवटचं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

वहिनींचे यजमान शशिधर आणि मी, आम्ही दोघांनी इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, एकाच कारखान्यात, गाड्यांचे गिअरबॉक्स जोडायच्या लाइनवर, सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे त्या मला भावजी म्हणतात. मी रिटायर होऊन घरात कुरकुरायला लागलो तेव्हा त्यांनीच मला ह्या कामाला लावलं, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "भावजी, इथे मी तुमची वहिनी नाही. आणि हॉलमध्ये मराठी अजिबात नाही. आपल्या माणसाला सोडलं, असं कुणी म्हणता कामा नये." आपल्या माणसाला सोडायचं तर नाहीच, उलट चार वेळा जास्त घासून घ्यायचं, असं त्यांचं धोरण. बावीस वर्षं त्या ह्या कॉलेजात एक्झाम्स ऑफिसर आहेत. दहावीनंतरची दोन वर्षं, ए-लेव्हलची मुलं इथे येतात, आणि कुठल्या मुलाच्या पदरात आधीचं काय पडलंय, ते इथे धरायचं की नाही, हे बघायचं कामही हळूहळू वहिनींच्या टेबलावर येऊन पडलं. पोलंडचं सर्टिफिकेट, नायजेरियाचं, हाँगकाँगचं. एडिनबराहून आलेल्या मुलाचे कागदसुद्धा त्या तितक्याच संशयाने उघडतात, कारण स्कॉटलंडची परीक्षा वेगळी. भारतातलं काही आलं की प्रवेशाचं बघणाऱ्या बाईसुद्धा म्हणतात, "आस्क सुप्रभा. शी नोज."

संशय हा वहिनींचा स्वभाव नाही. तो त्यांना लावलेला आहे. त्या मूळच्या इचलकरंजीच्या. कोल्हापूरच्या विद्यापीठाची बी. एस्सी., गणितात फर्स्ट क्लास. अठ्ठ्याऐंशी साली लग्न होऊन इथे आल्या आणि पुढच्याच महिन्यात डिग्रीचा कागद फोल्डरमध्ये घालून एका कॉलेजच्या काउंटरवर गेल्या. शिक्षिका व्हायचं होतं. काउंटरवरच्या माणसाने कागद घेतला, उठून खिडकीशी गेला आणि उजेडासमोर धरून बघितला. मग परत आणून दिला. "व्हेरी नाइस," तो म्हणाला. "ब्रिटिश काही आहे का?"

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि त्यातही जे मनात राहिलं ते त्या माणसाचं वागणं नव्हे. घरी आल्यावर त्यांनी स्वतः तो कागद स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरून बघितला. तीन वर्षं स्वतः अभ्यास करून मिळवलेली डिग्री, आणि तरी बघितलं, न जाणो खरंच काही नसेल त्यात तर! पंचविसाव्या वर्षी, पोटात सहा महिन्यांचं मूल घेऊन, सोळा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून त्यांनी गणिताची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, दिली. बाक पोटाला लागत होता म्हणून पेपर तिरका ठेवून लिहिला. ए मिळाला. शिक्षिका व्हायचं राहूनच गेलं.

आता ह्या गोष्टीकडे येतो. मागच्या वर्षीचा ऑगस्ट संपत आला होता. नागपूरहून पुष्कर नावाचा एक सॉफ्टवेअरवाला कंपनीच्या व्हिसावर बायको-मुलीला घेऊन कॉव्हेंट्रीत आला. मुलगी तनया, सोळा वर्षांची, तिकडे दहावी होऊन आलेली. तिला गणित, फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स घेऊन ए-लेव्हल करायचं होतं. ए-लेव्हल दोन वर्षांचं, आणि पुष्करच्या व्हिसाला उरलेली होती दोन वर्षं. पुढे वाढेल की नाही, देव जाणे. म्हणजे त्याच सप्टेंबरला वर्गात बसली तर शिक्षण पुरं होणार, एक वर्ष हुकलं तर अर्ध्यावर सोडून नागपूरला परत. तिथे मग अकरावी पहिल्यापासून, आपल्याहून दोन वर्षं लहान पोरांबरोबर.

तिची मार्कशीट वहिनींकडे आली. मी त्या दिवशी हजेरीपत्रकावर सह्या करायला गेलो होतो. वहिनी ऑफिसात चष्मा कपाळावर ढकलून बसल्या होत्या.

"भावजी, एक बेरीज करा. माझी आलेली सांगत नाही."

सहा विषय. इंग्रजी शहाऐंशी, मराठी अडुसष्ट, संस्कृत नव्वद, गणित सत्त्याण्णव, विज्ञान चौऱ्याण्णव, सामाजिक शास्त्रं एकोणनव्वद. मी पेन्सिलने बेरीज केली. पाचशे चोवीस.

"माझीही तेवढीच," वहिनी म्हणाल्या. "आता खाली बघा."

खाली छापलं होतं चारशे छप्पन्न. त्याच्यापुढे अधिक सात. एकूण गुण पाचशेपैकी. टक्के ब्याण्णव पूर्णांक साठ.

आता मला सांगा, विषय सहा, प्रत्येकी शंभर, तर सहाशेपैकी हवेत ना? पाचशे कसे? पाचशे चोवीसचे चारशे छप्पन्न कसे झाले? आणि हे सात कुठून आले? टक्के काढावेत तर सत्त्याऐंशी येतात, कागद म्हणतो जवळजवळ त्र्याण्णव. आमच्या वेळी सातशेपैकी असायचे आणि बेरीज म्हणजे बेरीज. बोर्ड कुणाला वरचे सात गुण प्रसादासारखे वाटत नव्हतं. शिवाय नागपूरची पोरगी आणि सगळ्यात कमी मराठीत? मला तर चोर हाती लागल्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

"डाळीत काहीतरी काळं आहे वहिनी," मी म्हणालो.

"मला आधीच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "खोटं करणाऱ्याला बेरीजसुद्धा धड येत नाही."

त्यांनी सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे ए-लेव्हलच्या वर्गांच्या, प्रमुख मिसेस हॉलिस ह्यांना ईमेल लिहिली. मला वाचून दाखवली. ह्या कागदातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मी ह्याच बोर्डाची परीक्षा दिलेली आहे आणि हे बोर्ड मला माहीत आहे. पडताळणी होईपर्यंत हे गुण धरू नयेत. शेवटची ओळ अशी, की कुटुंबाला नेमकी शंका काय आहे ते कळवू नये.

"ते का?" मी विचारलं.

"सांगितलं की उत्तर तयार करून आणतात. संशय कधी समोरच्याला दाखवायचा नसतो, भावजी."

बोर्डाला पत्र गेलं. त्याचं उत्तर यायला किती दिवस लागतील हे ज्याने सरकारी ऑफिस बघितलंय त्याला सांगायला नको. तोवर तनयाच्या पदरी काहीच नाही, असं धरलं गेलं. जीसीएसईला गणितात आणि इंग्रजीत निदान चार नंबरची ग्रेड नसेल तर इथे मुलाला ते दोन विषय पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, अठरा वर्षांचा होईपर्यंत. अशा मुलांचा एक वर्ग असतो, रीसिटचा. नोव्हेंबरमध्ये पेपर. तनयाला त्या वर्गात बसवलं. ए-लेव्हलचा दरवाजा सहा आठवडे उघडा असतो. अकरा ऑक्टोबरचा शुक्रवार गेला की कुणालाही आत घेत नाहीत, मग बोर्डाचं उत्तर सोन्याच्या ताटात का येईना.

सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला पुष्कर भेटला. कम्युनिटी हॉलमध्ये आरती झाली होती, मी मोदकाची प्लेट घेऊन कोपरा शोधत होतो. तो स्वतःहून आला.

"काका, तुम्ही त्या कॉलेजात असता ना? डॉक्युमेंटमध्ये डिस्क्रेपन्सी आहे म्हणतात, पण कोणती ते कोणीच सांगत नाही. ओरिजिनल दाखवतो म्हटलं, शाळेच्या मुख्याध्यापिकांशी बोलणं करून देतो म्हटलं. नुसतं 'अंडर व्हेरिफिकेशन' म्हणतात. मी काय फिक्स करू, तेच कळत नाही."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मनात म्हणालो, काय बेमालूम नाटक करतोय! मुख्याध्यापिकांशी बोलणं करून देतो म्हणे. उद्या मीही माझ्या मेहुण्याला मुख्याध्यापक करीन. मी तोंडात मोदक ठेवला म्हणजे बोलायला नको. त्याच्या मागे ती मुलगी उभी होती. माझ्याकडे नाही, मोदकाकडेही नाही, जमिनीकडे बघत होती. बघा, मी म्हटलं, मनात पाप असल्याशिवाय पोर असं खाली बघणार नाही. माझी तेव्हाची अक्कल ही अशी होती, आणि आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आठ ऑक्टोबरला, मंगळवारी, रीसिटच्या वर्गाची गणिताची सराव परीक्षा होती. दीड तासाचा पेपर. मी खिडकीकडच्या रांगेला होतो. तनयाने पस्तिसाव्या मिनिटाला पेन खाली ठेवलं. पाच मिनिटं हाताची घडी घालून बसली. मग पेन्सिल उचलली आणि पेपरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर काहीतरी करायला लागली. वहिनींनी हॉलच्या त्या टोकाहून ते बघितलं. त्यांना सगळं दिसतं. पस्तीस मिनिटांत पेपर संपला म्हणजे पेपर आधी बघितलेला, आणि आता कुणाला तरी खुणा करतेय, हा त्यांचा हिशेब मला त्यांच्या चालण्यावरूनच कळला. पण परीक्षा मोडायची नाही म्हणून त्या तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि वेळ संपेपर्यंत हलल्या नाहीत. पोरीच्या मानेवर घाम आला होता.

मुलं गेली. तनयाला थांबवलं. वहिनींनी पेपर हातात घेतला आणि शेवटचं पान उघडलं. मीही खांद्यावरून डोकावलो.

चित्र होतं. शेजारच्या बाकावरची लेबल काढलेली बाटली, तिच्यामागे खुर्चीवर टाकलेला कुणाचा तरी कोट, खाली कोटाची बाही लोंबतेय. बाटलीतून दिसणारी कोटाची घडी जरा वाकडी, पाण्यातून दिसते तशी. सावली एकाच बाजूला, बारीक तिरप्या रेघांची.

वहिनींनी चष्मा नीट केला आणि पुन्हा बघितलं. मग हॉलमध्ये, कॉलेजच्या वेळेत, बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या मराठीत बोलल्या.

"स्थिरचित्र कुठे शिकलीस?"

तनया दचकली. "शाळेत, मिस. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली होती मी."

"चित्रकलेची? ती अजून असते?"

"हो, मिस."

"मीही दिली होती. इचलकरंजीला. मला कापडाच्या घड्या कधी जमल्या नाहीत." वहिनींनी पान जरा लांब धरलं. "इंटरमिजिएटला ग्रेड कोणती?"

"ए. म्हणून तर सात मार्क मिळाले ना, मिस."

हॉलमध्ये दोन घड्याळं होती आणि दोन्ही ऐकू येत होती.

"कसले सात मार्क?" वहिनींनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"दहावीला. ड्रॉइंगचे जास्तीचे मिळतात. मार्कशीटवर अधिक सात लिहिलंय, बघा. मला वाटलं तुम्ही बघितलं असेल."

"आणि पाचशे? विषय तर सहा आहेत."

"बेस्ट ऑफ फाइव्ह, मिस. सगळ्यांचंच असतं. सहातला सगळ्यात कमी विषय सोडतात. माझं मराठी सुटलं." तिला त्याची लाज वाटली असावी. "आई खूप बोलली होती त्यावरून."

मी मनातल्या मनात पाचशे चोवीसमधून अडुसष्ट वजा केले. चारशे छप्पन्न. पहिलीच्या पोराला जमेल अशी वजाबाकी. दोन म्हाताऱ्या माणसांनी नुसती बेरीज केली होती आणि वजाबाकी करून बघायचं आमच्या मनातही आलं नव्हतं.

वहिनींनी तिला जायला सांगितलं. माझा अंदाज, आता त्या विरघळतील. कसल्या विरघळतात! ऑफिसात जाऊन त्यांनी आधी इचलकरंजीला भाचीला फोन लावला. ती तिथे हायस्कूलला शिक्षिका आहे. पोरीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे तेव्हाही सुटलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. वहिनींनी सगळं विचारलं, तशी भाची हसायलाच लागली.

"अगं मावशी, बेस्ट ऑफ फाइव्हला पंधरा वर्षं होत आली! तुला माहीत नाही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मला कसं माहीत असणार? मी तर अठ्ठ्याऐंशीत निघाले."

फोन ठेवून त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग लिहायला घेतलं. मला वाटलं होतं लिहितील, अधिक माहिती मिळाल्याने शंका दूर झाली आहे. ऑफिसातली माणसं लिहितात तसं, कुणाच्याच अंगाला न लागणारं. त्यांनी लिहिलं: चूक कागदात नव्हती, माझ्यात होती. हे बोर्ड मला माहीत आहे असं मी लिहिलं होतं. मला माहीत असलेलं बोर्ड त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे. मुलीची पाच आठवड्यांची शाळा माझ्यामुळे बुडाली. शुक्रवारच्या आत तिला आत घ्यावं. खाली भाचीने पाठवलेला नियमाचा कागद जोडला, भाषांतर करून, आणि आजचा तपासलेला पेपरही. ऐंशीपैकी ऐंशी.

"एवढं स्वतःवर कशाला घेता वहिनी?" मी म्हटलं. "बेरीज मीही केली होती."

"तुम्ही सही केली नव्हती, भावजी."

गुरुवारी तनया ए-लेव्हलच्या वर्गात बसली. एक दिवस राखून. त्याच दिवशी मिसेस हॉलिसनी वहिनींना बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं की इथून पुढे परदेशी कागद बाहेरच्या एजन्सीकडे जातील. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या बाटल्यांच्या सूचनेचा कागद भिंतीला चिकटवत होत्या. "बरोबरच आहे त्यांचं," म्हणाल्या, आणि चिकटपट्टी दाताने तोडली.

शनिवारी मी शशिधरकडे चहाला गेलो होतो. दारावर पुष्कर आला, मुलीला घेऊन, हातात संत्रा बर्फीचा डबा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की सुप्रभा मॅडमनी ईमेल लिहिली म्हणून काम झालं.

"मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू?" तो आत येत येतच बोलायला लागला. "आपलं माणूस तिथे होतं म्हणून झालं. नाहीतर ह्या लोकांना आपल्या मार्कशीटमधलं काय कळतंय!"

शशिधरने त्याला बसवलं. मी बशीत बघत होतो. गप्प बसता आलं असतं. घरात खरं माहीत असलेले फक्त आम्ही तिघंच. आणि वहिनींचा नियमच होता, संशय समोरच्याला दाखवायचा नाही. वहिनींनी डबा घेतला नाही.

"आधीची ईमेलसुद्धा मीच लिहिली होती," त्या म्हणाल्या. "कागद खोटा असेल, असं. मीच."

पुष्करचा डबा धरलेला हात पुढे केलेला तसाच राहिला. शशिधर उठून उगाच किटलीकडे गेला. मग तनया बोलली, शांतपणे.

"मला माहीत होतं, काकू."

"कधीपासून?"

"पहिल्या लेटरपासून. त्यात लिहिलं होतं, तुमचं बोर्ड माहीत असलेल्या स्टाफ मेंबरनी कन्सर्न रेज केलाय. सगळ्या बिल्डिंगमध्ये मराठी नाव तुमच्याच दारावर आहे."

"मग मला येऊन विचारलं का नाहीस? एका मिनिटात मिटलं असतं."

तनयाने बाबांकडे बघितलं, मग खाली, मंडळाच्या हॉलमध्ये बघत होती तसंच.

"बाहेरच्या कोणी लिहिलं असतं ना, तर आले असते भांडायला. पण तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर वाटलं, खरंच काहीतरी चुकलं असेल माझ्यात. मी रोज रात्री काढून बघायचे मार्कशीट. एकदा तर टॉर्च लावून पण बघितली, मागून."

वहिनी उठल्या. तिच्याजवळ गेल्या आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. पोर आधी ताठ बसून राहिली, मग सैल झाली. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होत्या.